अमाझिघ (बर्बर) लग्नातील वनस्पती : मेंदीपासून खजुरापर्यंत

उत्तर आफ्रिकेतील अमाझिघ समाज जगभर ‘बर्बर’ या नावाने ओळखला जातो. या समाजाच्या लग्नात पावलोपावली वनस्पती भेटतात. नवरीच्या हातावर मेंदी, ओठांवर अक्रोडाच्या सालीचा रंग, गळ्यात लवंगांची माळ, वरातीवर अंजीर-मनुकांची उधळण आणि पाहुण्यांसमोर दूध-खजूर. यातल्या प्रत्येक वस्तूला एक काम नेमून दिलेले आहे. कुणी दृष्ट टाळायची, कुणी संसार गोड करायचा, कुणी घरात मूल आणि शेतात पीक मागायचे, तर कुणी ही मुलगी आता नवरी झाली हे गावाला दाखवायचे.

मात्र ‘अमाझिघ लग्नातील वनस्पती’ अशी एकच यादी करता येत नाही. काम तेच राहते, वनस्पती दर खोऱ्यात बदलते. कुठे काय वापरायचे हे बऱ्याचदा तिथली जमीन, पाणी आणि बाजार ठरवतात. म्हणून जमीन किंवा बाजार बदलला की विधीही बदलतो. ते कसे, हे या लेखात पाहू.

अमाझिघ कोण आहेत?

मोरोक्कोच्या अटलांटिक किनाऱ्यापासून इजिप्तमधील सिवा मरूद्यानापर्यंत आणि भूमध्य समुद्रापासून सहारा ओलांडून माली-नायजरपर्यंत हा समाज विखुरलेला आहे. ज्यांची बोली कळत नाही अशा परक्यांसाठी ग्रीक लोक जो शब्द वापरत, त्यातून ‘बर्बर’ हे नाव आले. मराठीतही ‘बर्बर’ म्हणजे रानटी, असंस्कृत. साहजिकच या समाजातील अनेकांना हे नाव रुचत नाही. ते स्वतःला ‘अमाझिघ’ (अनेकवचन ‘इमाझिघेन’) म्हणवतात. त्यांच्या भाषेला मोरोक्कोच्या २०११ च्या आणि अल्जेरियाच्या २०१६ मध्ये दुरुस्त झालेल्या राज्यघटनेत राजभाषेचा दर्जा मिळाला.

अल्जेरियाच्या डोंगराळ काबिलियातील काबिल, ओरेस पर्वतातील शाविया, उत्तर मोरोक्कोतील रिफी, दक्षिण मोरोक्कोतील शलूह, ॲटलास पर्वतातील टोळ्या आणि सहारातील तुआरेग हे या समाजातले काही मोठे गट. बहुसंख्य अमाझिघ मुस्लिम आहेत. त्यामुळे लग्नाचा करार इस्लामी पद्धतीने होतो आणि त्याच्या आगेमागे स्थानिक विधी चालतात. लग्नसोहळ्याला बऱ्याच ठिकाणी ‘तामघ्रा’ म्हणतात. नवरदेव म्हणजे ‘इस्ली’ आणि नवरी म्हणजे ‘तिस्लित’.

या विधींच्या जुन्या नोंदींत फिनलंडचे अभ्यासक एडवर्ड वेस्टरमार्क यांचे मोरोक्कोतील विवाहविधींवरचे १९१४ चे पुस्तक महत्त्वाचे मानले जाते. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमिल लाऊस्त यांनी १९२० मध्ये अमाझिघ शब्द आणि वस्तू यांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. खाली वर्णन केलेल्या काही प्रथा आजही घरोघरी चालतात, तर काही प्रामुख्याने अशा पुस्तकांत आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणींत उरल्या आहेत.

लग्नाचा हंगाम

शेतकरी समाजात लग्न कधी करायचे, हे धान्याच्या कोठीवर अवलंबून असते. अमाझिघ गावांत परंपरेने लग्ने उन्हाळ्याच्या अखेरीस आणि शरद ऋतूत होत. गहू आणि जव मळून घरात आलेले, नवी नांगरणी अजून सुरू व्हायची, आणि हातात थोडी सवड व थोडा पैसा. मोरोक्कोच्या ॲटलासमधील इमिलशिलचा प्रसिद्ध विवाहमेळाही सप्टेंबरमध्ये भरतो.

फळांचा हंगामही नेमका हाच. ऑगस्ट-सप्टेंबरात अंजीर पिकून वाळतात, मनुका तयार होतात, सप्टेंबरात अक्रोड उतरवतात आणि ऑक्टोबरच्या सुमारास डाळिंब व खजूर येतात. म्हणजे लग्नात जे उधळले, वाटले आणि खाल्ले जाते, ते बहुतेक त्याच महिन्यांत घरात आलेले असते. आपल्याकडे तुळशीच्या लग्नाला बोरे, आवळे, चिंचा आणि ऊस का लागतो, याचे उत्तर जसे कार्तिकात मिळते, तसेच हे.

मेंदी : सगळीकडे आढळणारी एक वनस्पती

प्रदेशानुसार बाकीच्या वनस्पती बदलतात, पण मेंदी जवळपास सगळीकडे आहे. ही आपलीच मेंदी, लॉसोनिया इनर्मिस. तिच्या पानांत ‘लॉसोन’ नावाचे रंगद्रव्य असते. वाळलेल्या पानांची पूड पाण्यात भिजवली की ते मोकळे होते आणि त्वचेतील केराटिन या प्रथिनाला चिकटते. लेप काढल्यावर रंग आधी नारिंगी दिसतो आणि एक-दोन दिवसांत हवेतील प्राणवायूमुळे गडद होतो.

मेंदीला कडक ऊन लागते आणि थंडी सोसत नाही. त्यामुळे ती वाळवंटाच्या कडेच्या मरूद्यानांत पिकते. मोरोक्कोतील द्रा नदीचे खोरे, अल्जेरियातील बिस्क्राचा परिसर आणि ट्युनिशियातील गाबेस ही तिची जुनी केंद्रे. काबिलियाच्या किंवा उंच ॲटलासच्या बर्फाळ गावांत ती उगवत नाही, तिथे ती व्यापाऱ्यांकडून येते. ती विकतची असल्यामुळेच नवरदेवाच्या घरून नवरीकडे जाणाऱ्या भेटीत मेंदीला मानाचे स्थान असते.

लग्नाच्या आदल्या किंवा त्याच्या आधीच्या रात्री मेंदीचा विधी होतो. मेंदी मोठ्या वाडग्यात कालवतात. अनेक ठिकाणी त्या वाडग्यात किंवा त्याच्याभोवती अंडी, मेणबत्त्या आणि साखर ठेवतात. नवरीचे तळवे आणि पावले लेपाने माखून फडक्यात गुंडाळतात. जुन्या ग्रामीण पद्धतीत बारीक नक्षी नसे, अख्खा तळवा लाल करायचा असे. वेलबुट्टीची नाजूक मेंदी ही शहरांतून गावांकडे आलेली आवड आहे.

मेंदी नवरदेवालाही लागते. काबिलियात या वेळी बायका ‘तिबुघारिन’ ही लग्नगीते म्हणतात. त्यांत घराण्याची स्तुती, आशीर्वाद आणि थोडी चढाओढ असते. दक्षिण मोरोक्कोत नवरीला निरोप देताना ‘तंगिफ्त’ नावाची गीते गातात.

मेंदीमागचा समज दुहेरी आहे. एक तर तिच्यात ‘बरका’ म्हणजे दैवी कृपा असते असे मानतात. दुसरे म्हणजे नवरी-नवरदेव या दिवसांत फार नाजूक अवस्थेत असतात, त्यांना दृष्ट आणि अदृश्य शक्ती चटकन बाधतात, आणि मेंदी त्यांच्याभोवती कुंपण घालते. आपल्याकडे हळद लागल्यावर नवरदेव-नवरीने एकटे बाहेर जाऊ नये म्हणतात, त्यामागची भीती याच प्रकारची. डिसेंबर २०२४ मध्ये मेंदीशी संबंधित विधी आणि सामाजिक प्रथा युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आल्या. मोरोक्को, अल्जेरिया आणि ट्युनिशियासह १६ देशांनी मिळून हा प्रस्ताव मांडला होता.

अक्रोडाची साल : डोंगराने दिलेला रंग

मेंदी मरूद्यानातली, तर अक्रोड डोंगरातला. ॲटलासच्या आणि काबिलियाच्या थंड, ओलसर खोऱ्यांत अक्रोडाची झाडे आहेत. लग्नासाठी त्याचे फळ लागतेच, पण सालही लागते. वाळवलेल्या सालीचा तुकडा ओला करून दातांवर आणि हिरड्यांवर घासतात. दात स्वच्छ होतात आणि हिरड्या व ओठ तांबूस-तपकिरी रंगतात. मोरोक्कोत याला ‘स्वाक’ म्हणतात, काबिल भाषेत ‘अगुसिम’. नवरीच्या शृंगारात सुरम्याबरोबर याचे स्थान ठरलेले असते.

यात रसायनशास्त्रातली एक गंमत आहे. अक्रोडातले रंगद्रव्य ‘जुग्लोन’ आणि मेंदीतले ‘लॉसोन’ यांचे रेणुसूत्र एकच आहे. दोन्ही नॅफ्थोक्विनोन या एकाच कुळातील, फक्त त्यांतील एका अणुगटाची जागा वेगळी. वाळवंटातल्या आणि डोंगरातल्या बायकांनी कसलीही प्रयोगशाळा नसताना जवळजवळ सख्खी बहीण शोभावी अशी दोन रंगद्रव्ये शोधून काढली. मरूद्यानातून मेंदी वर जाई आणि डोंगरातून साल खाली येई. दोन्हींची गाठ आठवडी बाजारात पडे.

सुरमा मुळात खनिज आहे, पण घरगुती सुरम्यात जळलेल्या ऑलिव्हच्या किंवा खजुराच्या बियांची पूडही घालतात. भुवया आणि चेहऱ्यावरील काळ्या नक्षीसाठी माजूफळ आणि काजळी यांपासून ‘हरकूस’ नावाचा रंग बनतो.

केशर, लवंग, गुलाब : नवरीचा वास

अमाझिघ लग्नात नवरी नजरेआधी वासाने जाणवते. त्यासाठी लागणारे जिन्नस दोन प्रकारचे आहेत, जवळपास पिकणारे आणि फार दुरून येणारे.

जवळचे म्हणजे केशर आणि गुलाब. दक्षिण मोरोक्कोत सिरुआ पर्वताच्या परिसरात तालिवीन गावाभोवती केशर पिकते. ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, पहाटे ऊन चढण्याआधी फुले खुडतात आणि प्रत्येक फुलातले तीन तंतू वेगळे काढतात. एक ग्रॅम केशरासाठी सुमारे १५० फुले लागतात. या भागात केशराचे पाणी नवरीच्या चेहऱ्यावर रंग भरायला वापरले जाते आणि पाहुण्यांसाठी केशरी चहा होतो. आग्नेय मोरोक्कोतील अमाझिघ बायकांच्या कलांवर २००६ मध्ये पुस्तक लिहिणाऱ्या अभ्यासक सिंथिया बेकर यांनी लग्नातील रंगांचा संबंध सुफलतेशी जोडला आहे. पिवळा, लाल आणि हिरवा हे रंग शेताचे आहेत, तसेच नवरीचेही.

ॲटलासच्या दक्षिणेला दादेस खोऱ्यात कलात मगुना या गावाच्या आसपास शेतांच्या बांधावर सुगंधी गुलाबाची कुंपणे आहेत. वसंतात फुले येतात, त्यांचे गुलाबपाणी काढतात आणि कळ्या वाळवून ठेवतात. लग्नात पाहुण्यांवर गुलाबदाणीतून पाणी शिंपडतात आणि वाळलेल्या कळ्यांची पूड नवरीच्या केसांच्या लेपात जाते.

दुरून येणारा मुख्य जिन्नस लवंग. लवंगेचे झाड उत्तर आफ्रिकेत उगवत नाही, ते मूळचे इंडोनेशियाच्या मोलुक्का बेटांवरचे. शतकानुशतके लवंग व्यापारातून आली आणि महाग असल्यामुळे मसाल्याबरोबरच दागिनाही झाली. काबिलियात लवंगा भिजवून ओवतात आणि मध्ये पोवळी व चांदीचे मणी घालून माळ करतात. अंगाच्या उबेने तिचा वास दरवळत राहतो. अल्जेरिया आणि ट्युनिशियात ‘स्खाब’ नावाच्या माळाही आहेत. लवंग, महलब (एका रानटी चेरीच्या बियांतला गर) आणि कस्तुरी असे सुगंधी पदार्थ कुटून, त्यांचा गोळा मळून, त्याचे मणी वळतात आणि वाळवून ओवतात. आईची माळ मुलीला देण्याची रीतही आहे.

हरमळ : दृष्ट काढणारा धूर

हरमळ हे कोरड्या, पडीक जमिनीवर वाढणारे झुडूप. भारताच्या कोरड्या भागांतही ते आढळते. उत्तर आफ्रिकेत त्याच्या बिया निखाऱ्यावर टाकून धुरी देतात, सोबत बऱ्याचदा तुरटी असते. लग्नात नवरीला, तिच्या कपड्यांना आणि नव्या खोलीला अशी धुरी देतात. ऊद आणि लोबानही जाळतात, पण ते विकत आणावे लागते. हरमळ मात्र गावाबाहेर फुकट मिळते, म्हणून गरिबाच्या लग्नातही ते असते. आपल्याकडे मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढून त्या चुलीत टाकतात, त्याच्याशी हे अगदी जुळते.

हरमळाच्या बियांत मेंदूवर आणि हृदयावर परिणाम करणारी अल्कलॉइडे असतात. पोटात गेल्यास विषबाधा होऊ शकते आणि गरोदरपणात धोका अधिक असतो. त्यामुळे परंपरेत धुरी असली, तरी या बिया औषध म्हणून खाणे सुरक्षित नाही.

उधळण : अंजीर, मनुका, अक्रोड, गहू

नवरीची वरात नवरदेवाच्या दारी येते तेव्हा तिच्यावर, किंवा तिच्या हातून लोकांवर, सुकामेवा आणि धान्य उधळले जाते. काबिलियातील अनेक गावांत सासू किंवा घरातली मोठी बाई नवरीसमोर चाळण धरते. चाळणीत गहू, सुके अंजीर, अक्रोड, गोड पदार्थ असे काही ना काही असते. नवरी ते मुठीमुठीने उधळते आणि मुले ते गोळा करायला झेपावतात. मोरोक्कोत मनुका, खजूर, अंजीर आणि अक्रोड उधळण्याच्या नोंदी वेस्टरमार्क यांनी टोळीमागून टोळीत केल्या.

असे का करतात? वेस्टरमार्क यांना वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी उत्तरे मिळाली. कुणी म्हणाले, संसार गोड व्हावा म्हणून. कुणी म्हणाले, घरात सुबत्ता राहावी म्हणून. कुठे नवरीसोबत येणारी बाधा या दाण्यांबरोबर बाहेर टाकली जाते असाही अर्थ लागत होता. म्हणजे कृती एक, पण तिचे अर्थ अनेक. वनस्पतींच्या प्रतीकांबद्दल वाचताना हे लक्षात ठेवावे. ‘अंजीर म्हणजे सुफलता’ असे एका ओळीचे समीकरण वाचायला सोपे असते, पण प्रत्यक्ष विधी करणाऱ्या बायकांकडे त्याहून जास्त उत्तरे असतात, आणि काही वेळा ‘आमच्याकडे असेच करतात’ हेच खरे उत्तर असते. आपल्या अक्षतांबद्दल विचारले तरी हेच होईल.

असे असले तरी काही साम्ये उघड आहेत. डाळिंब आणि अंजीर ही पोटात शेकडो बिया असलेली फळे. गहू पेरला की अनेक पटींनी परत येतो. वाळवलेली फळे हिवाळाभर टिकतात. शेतीवर जगणाऱ्या घराने सुनेकडून ज्या अपेक्षा ठेवल्या, त्यांचे रूप त्यांना आपल्याच कोठारात दिसले.

दूध-खजूर आणि ताडाचा गाभा

मोरोक्कोत नवरा-नवरीचे आणि पाहुण्यांचे स्वागत दूध आणि खजूर देऊन होते. दूध पांढरे म्हणून शुभ, खजूर गोड म्हणून शुभ. दोघे एकमेकांना खजूर भरवतात आणि एकाच वाडग्यातून दूध पितात. ही प्रथा अमाझिघ आणि अरब दोघांचीही आहे. शतकानुशतके एकत्र राहिलेल्या समाजांच्या विधींत ‘हे तुमचे, हे आमचे’ अशी रेघ ओढणे बऱ्याचदा अशक्य असते.

अमाझिघ प्रदेशाच्या अगदी पूर्व टोकाला, इजिप्तमधील सिवा मरूद्यानात, खजुराच्या झाडाचा वेगळा उपयोग दिसतो. झाडाच्या शेंड्यातला पांढरा, कोवळा गाभा तिथे ‘अग्रूझ’ म्हणून ओळखला जातो आणि लग्नासारख्या प्रसंगी मानाच्या पाहुण्यांपुढे ठेवला जातो. हा गाभा काढला की झाड मरते. जे झाड कित्येक वर्षे खजूर देऊ शकले असते, ते एका जेवणासाठी तोडायचे, यातच त्या मानाचे मोल आहे.

लग्नाचे जेवण : आर्गन, जव, गहू

नैर्ऋत्य मोरोक्कोत, सूस खोरे आणि त्याभोवतीच्या डोंगरांत, आर्गन नावाचे काटेरी झाड वाढते. त्याच्या फळाची टणक आठळी दगडाने फोडून, आतले दाणे भाजून, जात्यावर दळून बायका तेल काढतात. काम वेळखाऊ आणि कष्टाचे असल्यामुळे हे तेल लग्नात भेट म्हणून देतात आणि सणाच्या पदार्थांत वापरतात. आर्गन तेल, भाजलेले बदाम आणि मध यांची ‘अमलू’ नावाची चटणीवजा लगदी पाहुण्यांसाठी असते. आर्गनशी संबंधित ज्ञान आणि कौशल्ये २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली.

मुख्य जेवण म्हणजे कुसकुस. गव्हाचा किंवा जवाचा रवा हाताने वळून, वाफेवर शिजवलेले बारीक दाणे. अमाझिघ भाषांत त्याला ‘सेक्सू’ म्हणतात. लग्नाआधी काही दिवस शेजारच्या बायका एकत्र जमून कुसकुस वळतात आणि सोबत गाणी म्हणतात. आपल्याकडे लग्नघरी शेवया आणि पापड करायला आळी जमायची, तसेच. कुसकुसला २०२० मध्ये अल्जेरिया, मोरोक्को, ट्युनिशिया आणि मॉरिटानिया यांच्या संयुक्त प्रस्तावावर युनेस्कोची मान्यता मिळाली.

तुआरेग : तंबू हेच रुखवत

सहारातील भटक्या तुआरेगांकडे फळबागा नाहीत. म्हणून त्यांच्या लग्नात वनस्पती येतात त्या घराच्या रूपात. तुआरेग समाजात तंबू बाईच्या मालकीचा असतो आणि लग्नाच्या वेळी तो नवरीकडून येतो. त्यांच्या भाषेत ‘एहेन’ हा शब्द तंबू आणि संसार या दोन्ही अर्थांनी वापरतात. तंबूत वारा आणि धूळ अडवायला लांब चटया उभ्या करतात. ‘अफेझू’ नावाच्या वाळवंटी गवताचे दांडे चामड्याच्या बारीक पट्ट्यांनी विणून त्या बनतात आणि त्यांवर नक्षी उमटते. ही चटई नवरीच्या सामानात असते आणि विणायला बराच काळ लागतो.

तुआरेग पुरुषांचा निळा फेटा प्रसिद्ध आहे. लग्नासाठी सर्वांत चांगला फेटा म्हणजे नीळ कुटून चमक आणलेला. हे कापड उत्तर नायजेरियातील कानो भागातल्या रंगाऱ्यांकडून येई आणि त्याचा निळा रंग कातडीवरही उतरे.

‘नवरी’ शेतातही

अमाझिघ भाषांत ‘नवरी’ हा शब्द लग्नमंडपापुरता राहत नाही. अनेक ठिकाणी इंद्रधनुष्याला ‘तिस्लित उन्झार’, म्हणजे पावसाची नवरी, म्हणतात. पाऊस लांबला की लाकडी पळीला कापड गुंडाळून, दागिने घालून नवरीसारखे सजवतात आणि मुले-बायका ती बाहुली घेऊन घरोघरी पाणी मागत फिरतात. आपल्याकडच्या धोंडी-धोंडी पाणी देची आठवण व्हावी असाच हा विधी. इमिलशिलजवळच्या दोन तलावांची नावेही इस्ली आणि तिस्लित आहेत. ताटातूट झालेल्या प्रेमी युगुलाच्या अश्रूंनी ते भरले, अशी तिथली दंतकथा आहे.

घराच्या लाकडातही लग्न आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दिय यांनी काबिल घरावरच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवले, की छताची मधली तुळई पुरुष मानली जाते आणि तिला पेलणारा दुबेळक्याचा खांब स्त्री. दोन्ही एकत्र आले की घर उभे राहते.

आज काय बदलते आहे?

लग्नाचा महिना बदलला. फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्समध्ये राहणारी मुले जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत गावी येतात, म्हणून लग्नेही तेव्हाच होतात. साहजिकच उधळणीत नव्या हंगामाच्या अक्रोडांऐवजी दुकानातली चॉकलेट आणि गोळ्या येऊ लागल्या.

जमीनही बदलते आहे. ‘बायूद’ या बुरशीजन्य रोगाने १९व्या शतकाच्या उत्तरार्धापासून आजवर मोरोक्कोतील एक कोटीहून अधिक खजुराची झाडे मारली. अलीकडच्या वर्षांतल्या दुष्काळांनी द्रा खोऱ्यातील मरूद्याने आणि आर्गनची वने दोन्हींवर ताण आणला आहे. आर्गन तेलाला जगभर मागणी आली, सहकारी संस्थांतून बायकांना रोजगार मिळाला, पण भावही वाढले. एकेकाळी घरच्या जात्यावर निघणारे तेल आता गावातल्या लग्नालाही महाग वाटते.

सर्वांत गंभीर बदल मेंदीत झाला आहे. रंग तासाभरात आणि काळाभोर यावा म्हणून ‘काळी मेंदी’ विकली जाते. मेंदीचे पान काळा रंग देतच नाही. तो रंग बहुधा पॅरा-फिनिलीनडायअमीन या केसांच्या कलपातील रसायनाचा असतो. त्याने त्वचा भाजल्यासारखी होते, फोड येतात, व्रण राहतात. एकदा ॲलर्जी झाली की ती आयुष्यभर टिकू शकते आणि पुढे केस रंगवतानाही त्रास होतो. युरोपीय संघात हे रसायन मर्यादित प्रमाणात केसांच्या रंगासाठी चालते, त्वचेवर लावायला परवानगी नाही. मोरोक्कोतील पर्यटकांच्या बाजारात हा धोका आहे, तसाच तो आपल्याकडच्या लग्नसराईतल्या तयार कोनांतही असू शकतो. ओळखायची खूण साधी आहे. खरी मेंदी आधी नारिंगी येते आणि एक-दोन दिवसांत गडद होते. लगेच काळी होणारी मेंदी लावू नये, लहान मुलांना तर मुळीच नाही.

दुसरीकडे काही गोष्टी परतही येत आहेत. अमाझिघ ओळखीचा अभिमान वाढला, तसे शहरातल्या तरुण जोडप्यांना आजीच्या पद्धतीचे लग्न हवेसे वाटू लागले. पॅरिसमध्ये किंवा अल्जीयर्समध्ये राहणारी काबिल नवरी भाड्याच्या सभागृहात लवंगांची माळ घालते आणि तिबुघारिन म्हणायला गावाकडच्या बायकांना बोलावते. अंजिराचे झाड तिच्या दारात नसते, पण चाळणीत अंजीर असतात.

थोडक्यात

- मेंदी : नवरी आणि नवरदेव दोघांना, कृपा आणि संरक्षण, मरूद्यानांतून येते.
- अक्रोडाची साल : ओठ आणि हिरड्यांचा रंग, ॲटलास आणि काबिलियातील डोंगरांतून.
- केशर आणि गुलाब : चेहरा, केस, चहा, स्वागत; दक्षिण मोरोक्को.
- लवंग : माळा, सागरी व्यापारातून आलेली चैन.
- हरमळ : दृष्ट काढण्याची धुरी, पडीक जमिनीवर फुकट मिळणारी.
- अंजीर, मनुका, अक्रोड, गहू : उधळण, गोडवा, सुबत्ता, संतती, बाधा टाळणे असे अनेक अर्थ.
- खजूर : दुधासोबत स्वागत, सिवा येथे झाडाचा गाभा मानाच्या पाहुण्यांना.
- आर्गन तेल : भेट आणि सणाचे जेवण, नैर्ऋत्य मोरोक्को.
- अफेझू गवत आणि नीळ : तुआरेग नवरीची चटई आणि नवरदेवाचा फेटा.